तीन उशीर, एक गैरहजेरी

शाळेच्या डायरीतली पहिली चार पानं नियमांची असायची. मुलींनी दोन वेण्या घालाव्यात, नखं वाढवू नयेत, मोबाइल आणू नये, रजेच्या अर्जावर पालकांची सही हवी, वगैरे वगैरे. ती पानं कोणी वाचत नसे, पण त्यातली निम्मी मी लिहिलेली होती आणि मला त्याचा अभिमान होता. भोपाळच्या त्या शाळेत मी अकरावी-बारावीला गणित शिकवायचे आणि शिस्तीचा कारभारही माझ्याकडेच होता. पहिली घंटा झाली की दहा मिनिटांनी फाटक बंद. त्यानंतर येणाऱ्याचं नाव लेट रजिस्टरमध्ये. तीनदा उशीर झाला की एक दिवस गैरहजर. हा शेवटचा नियम माझ्या सुपीक डोक्यातून निघालेला. प्राचार्यांनी तो वाचून ‘बहुत बढ़िया, मैडम’ म्हटलं, तेव्हा मी घरी येऊन नवऱ्यालाही सांगितलं. तो म्हणाला, “आता हातात छडी घ्यायची तेवढी राहिली.”

आम्ही मूळचे सांगलीकडचे. नवऱ्याच्या सरकारी कंपनीतल्या नोकरीमुळे भोपाळला आलो आणि आनंद नगरात घर करून राहिलो. शाळेच्या स्टाफरूममध्ये मराठी मी एकटी. एका वर्षी हेडबॉय म्हणून मी एका मराठी मुलाचं नाव सुचवलं होतं. मुलगा खरोखर लायक होता. पण चहा पिता पिता हिंदीच्या ज्येष्ठ मॅडम हसून म्हणाल्या, “अपने वालों को तो आगे बढ़ाना ही चाहिए।” कोणी हसलं नाही, कोणी खोडूनही काढलं नाही. मला ते इतकं लागलं की तेव्हापासून मी ताकही फुंकून प्यायला लागले. मराठी मुलाचा पेपर असला की दोनदा तपासायचे, आणि दुसऱ्यांदा तपासताना एखादा मार्क कमीच करायचे. याला मी निःपक्षपातीपणा समजत होते.

ती मुलगी माझ्याच वर्गात, बारावीला होती. घर अयोध्या नगरात. वडील मंडीदीपच्या एका कारखान्यात टेक्निशियन. माणसं वर्ध्याकडची, साधी. मराठी मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झाली होती. तिची आई कोथिंबिरीची सांबारवडी फार सुरेख करायची आणि दरवर्षी डबा भरून माझ्याकडे पाठवायची. मुलगी मला मावशी म्हणायची. शाळेत मात्र मॅडम. हे आमच्यात कधी बोलून ठरलं नव्हतं, पण पोर समजूतदार होती.

त्या वर्षी शाळा सुरू होऊन महिना झाला असेल, तिच्या आईला अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी भेटायला गेले. आई खाटेवर होती, उजवी बाजू गेलेली, बोलणं कळत नव्हतं. मुलीनं चहा करून आणला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बाबांची कंपनीची बस सहाला येते. त्याआधी त्यांचा डबा. मग आईला पुसून, कपडे बदलून, भरवायचं. शेजारच्या काकू त्यांची कामं आटोपून सात-साडेसातला येतात, त्या आल्या की मग शाळेला निघायचं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, “काही लागलं तर सांग हं.” तिच्या हातचा चहा प्याले आणि घरी आले. शाळेचं फाटक साडेसातलाच बंद होतं, हे त्या खोलीत आम्हा दोघींनाही माहीत होतं.

उशीर सुरू झाले. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. मी फाटकाशी रजिस्टर घेऊन उभी असायचे आणि ती सायकल ढकलत यायची, कारण चढावर तिचा दम संपलेला असायचा. मान खाली घालून नाव लिहू द्यायची, पहिला तास संपेपर्यंत बाहेर उभी राहायची. ऑगस्टमध्ये एकदा ती फारच घामाघूम होऊन आली. रांगेत दहा-बारा मुलं होती, शेजारी हिंदीच्या मॅडमही होत्या. ती अगदी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, “मावशी, प्लीज, आज आईला बाथरूममध्येच चक्कर आली, मी एकटीच होते. आज नका ना लिहू.”

मी मोठ्यांदा म्हणाले, “यहाँ कोई मावशी नहीं है। जो कहना है, हिंदी में कहो, सबके सामने कहो।”

ती एक पाऊल मागे सरली. मग हिंदीत म्हणाली, “सॉरी मैडम, देर हो गई।” आईचं नाव काढलं नाही. मी तिचं नाव लिहिलं. हिंदीच्या मॅडमनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, आणि मला, आज सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. त्या दिवसानंतर ती माझ्याशी मराठीत एक शब्द बोलली नाही.

फिजिओथेरपीसाठी आईला न्यायचं असलं की ती पूर्ण दिवस यायची नाही. ते दिवस आणि उशिराचे जमून झालेले दिवस मिळून जानेवारीत तिची हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली. थोडीच. नुसत्या गैरहजेऱ्या धरल्या असत्या तर ती बोर्डाच्या परीक्षेला सहज बसली असती. तिला बुडवलं ते माझ्या तीन उशिरांच्या हिशेबानं.

बोर्डाला कमी हजेरीची यादी पाठवायच्या आधी प्राचार्य प्रत्येक वर्गशिक्षकाला बोलावून घेत. हजेरी कमी भरलेल्या मुलांपैकी कोणाला कारण बघून सवलत द्यायची ते वर्गशिक्षकानं सुचवायचं, प्राचार्य सही करायचे. माझ्या वर्गातली चार मुलं होती. एक हॉकी खेळायचा, त्याला मी शिफारस लिहिली. एका मुलीला कावीळ झाली होती, तिलाही लिहिली. तिसरा वर्षभर कोचिंग क्लासमध्ये बसला होता आणि त्याच्या बापानं टायफॉइडचं सर्टिफिकेट आणलं होतं. तो टायफॉइड खोटा आहे हे शाळेच्या शिपायालाही ठाऊक होतं. त्यालाही मी लिहिली, कारण सगळेच वर्गशिक्षक अशा मुलांना लिहून देत.

चौथं नाव तिचं. प्राचार्य माणूस चांगला होता. चष्मा काढून म्हणाले, “यह तो आपकी ही तरफ़ की बच्ची है न? सुना है माँ बीमार है। आप जैसा कहें।”

त्यांनी ते मदतीच्या भावनेनं म्हटलं होतं. मला ऐकू आलं ते फक्त ‘आपकी तरफ़ की’. मी ताठ बसून म्हणाले, “सर, इसका कोई मेडिकल नहीं आया है। नियम सबके लिए एक है।”

माझी शिफारस नसलेलं ते एकच नाव यादीत राहिलं.

रविवारी सकाळी तिचे वडील आमच्या घरी आले. मला वाटलं, भांडायला आले. मनातल्या मनात मी उत्तरंही जुळवली होती. त्यांनी चपला बाहेर काढल्या, खुर्चीच्या कडेला टेकले आणि पिशवीतून दवाखान्याचा कागद काढला. बायको पूर्णपणे परावलंबी आहे, घरात सतत माणूस लागतं, असं डॉक्टरांनी लिहून दिलेलं. त्यावरची तारीख दिवाळीच्या आधीची होती.

“हा तेव्हाच द्यायचा होता मॅडम,” ते म्हणाले. “मी म्हणत होतो, देऊन टाक. पण पोरगी ऐकूनच नाही राहिली. म्हणे, बाबा, मॅडम आपल्या ओळखीच्या आहेत, त्यांनी सूट दिली तर लोक त्यांना नावं ठेवतील. त्यांना कशाला अडचणीत टाकायचं. मी हजेरी मेकअप करून घेते म्हणे, फेब्रुवारीपर्यंत एकही खाडा करत नाही. आता नाही जमलं तिला. तुम्हाला काही करता येत असलं तर पाहा. नाही तर राहू द्या, तुमच्यावर काही यायला नको.”

सतरा वर्षांची मुलगी माझी अब्रू सांभाळत होती, आणि मीही वर्षभर माझीच अब्रू सांभाळत होते. मी कागद ठेवून घेतला आणि म्हणाले, “बघते मी. यादी उद्या जाणार आहे, वेळ आहे अजून.” त्यांचा चेहरा जरा सैल झाला. जाताना त्यांनी नवऱ्याला दोनदा नमस्कार केला.

सोमवारी कागद पर्समध्ये घेऊन मी प्राचार्यांच्या खोलीत गेले. मनाशी पक्कं ठरवलं होतं. खोलीत हिंदीच्या मॅडम कसल्याशा कार्यक्रमाबद्दल बोलत बसल्या होत्या. मला पाहताच म्हणाल्या, “लीजिए, आ गईं। सर अभी आपकी ही तारीफ़ कर रहे थे। अपने यहाँ की लड़की को भी नहीं बख़्शा। ऐसा अनुशासन चाहिए।” प्राचार्य हसले. यादी टेबलावर होती. ते म्हणाले, “बस आपके दस्तख़त बाक़ी हैं, मैडम। कुछ कहना था?”

किती सोपं होतं. पर्सची चेन उघडायची आणि कागद पुढे ठेवायचा. त्या बाईंनी फार तर भुवया उंचावल्या असत्या. फार तर स्टाफरूममध्ये आठवडाभर कुजबुज झाली असती.

“नहीं सर,” मी म्हणाले, आणि सही केली.

तिला बोर्डाचा रोल नंबर आला नाही. शाळेतून नाव काढून तिनं पुढच्या वर्षी बाहेरून, प्रायव्हेटनं, सायन्सऐवजी आर्ट्स घेऊन परीक्षा दिली आणि चांगल्या मार्कांनी पास झाली. पण तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं ते राहिलं. आता ती घराजवळच्या कॉलेजात बी.ए. करते, दुपारी आईपाशी असते. एक वर्ष म्हणजे काही फार नाही, असं लोक म्हणतात. मीही स्वतःला बरेच दिवस तसंच सांगून पाहिलं. वडिलांना मी फोनवर ‘नाही जमलं’ एवढंच कळवलं होतं. कोणाला नाही जमलं, ते सांगितलं नाही. शिस्तीचं काम मी त्याच वर्षी सोडलं, तब्येतीचं कारण देऊन. त्या कारणाला कोणी सर्टिफिकेट मागितलं नाही.

गेल्या संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवात ती भेटली. वाण वाटायचं काम तिच्याकडे होतं. मला पाहून ती स्वतःहून पुढे आली, वाकून नमस्कार केला, तिळगूळ दिला. आईची चौकशी केली तर म्हणाली, आता काठी धरून चार पावलं चालते. मला वाटलं, आत्ता बोलावं. महिनोन्‌महिने घोकलेलं होतं सगळं. मी म्हणाले, “तुझं ते वर्ष... माझ्यामुळे...”

तिनं मला पुढे बोलूच दिलं नाही. माझा हात धरून म्हणाली, “असं नका म्हणू मॅडम. तुम्ही तरी काय करणार होता? बाबांनी सांगितलं मला, तुम्ही शेवटपर्यंत ट्राय केलंत. नियमच तसा होता, कोणालाच सूट नाही मिळाली.”

तिच्या डोळ्यांत माझ्याविषयी नुसती माया होती. बाकीच्या तिघांचं तिला माहीत नव्हतं. आजही नाही. मागे बायका वाणासाठी खोळंबल्या होत्या.

“हो,” मी म्हणाले, “नियमच तसा होता.”