अर्ध्या गाऱ्हाण्याला कौल नाही

देव आहे की नाही, असा प्रश्न मला कधी पडला नाही. पण तो आमच्या ह्यांच्या तोंडाला कुलूप लावून बसलाय की काय, असा राग मात्र गेल्या वर्षी फार यायचा. जिना चढताना ह्यांना धाप लागायची, छातीवर धोंडा ठेवल्यासारखं व्हायचं. घरी कळवळायचे. आणि डॉक्टरांनी "कसं वाटतंय, काका?" म्हटलं, की छाती पुढे काढून उत्तर ठरलेलं, "भैरवनाथाची कृपा! ठणठणीत हाय." डॉक्टरही बिचारे खूश. बाहेर माणसं खोळंबलेली, त्याच गोळ्या पुन्हा लिहून द्यायचे.

आमचं घर वाघोलीतलं. शेताच्या जागी आता इमारती आल्या, पण चैत्रातल्या यात्रेत नाथांच्या पालखीचा पुढचा दांडा धरायचा मान आमच्याच घराचा. सासऱ्यांमागे तो ह्यांच्या खांद्यावर आला. दुखणं कळलं तर दांडा जाईल, हे भय. वर पुन्हा ह्यांचं म्हणणं, "देवानं एवढं दिलं, आन् मी परक्यापुढं रडगाणं गाऊ?" मी खरं सांगायला तोंड उघडलं की असे डोळे वटारायचे, की शब्द घशातच राहायचा. चारचौघांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? ह्यांचा मान राखू की माझं कुंकू राखू, ह्यात माझा जीव टांगणीला लागला होता.

यंदाची यात्रा महिन्यावर आली तेव्हा पुन्हा तपासणी होती. नेहमीचे डॉक्टर रजेवर, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई. बाहेर बाकावर बसून मी मनात म्हटलं, "नाथा, हे माझं ऐकत नाहीत. आता तूच बघ." एवढंच. नवस नाही की काही नाही.

आत तोच प्रश्न आणि तेच उत्तर. बाई लिहायला लागल्या आणि ह्यांचा चढलेला श्वास ऐकून मध्येच थांबल्या. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "काका, तुमच्या नाथाला कौल लावतात का हो?"

ह्यांचा चेहरा खुलला. "लावत्यात की! मूर्तीला फूल चिकटवायचं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार."

"माझे वडील आमच्या गावचे गुरव," बाई हसल्या. "फूल लावायच्या आधी ते माणसाला विचारतात, गाऱ्हाणं पुरतं सांगितलंस का? अर्ध्या गाऱ्हाण्याला देवसुद्धा कौल देत नाही. मी तर साधी माणूस, काका. मला कसं कळायचं?"

अगं बाई! ह्यांचे डोळे भरून आले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "हितं धोंडा बसतो, बाई. पालखी सुटंल म्हून बोललो न्हाई." मग सगळंच बाहेर आलं, मलाही न सांगितलेलं. बाईंनी एकदाही मध्ये तोडलं नाही.

पुढच्या तपासण्यांत हृदयाची एक वाहिनी जवळजवळ बंद निघाली. ती वेळेत उघडली. पालखी उचलली असती तर, असं मी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "दांड्याखालीच कोसळले असते." नेमक्या त्या दिवशी, नेमकी गुरवाची लेक त्या खुर्चीत कशी? माझी मुलगी म्हणते, "आई, रजेवर होते डॉक्टर, म्हणून." असेल. मी वाद घालत नाही, नाथांपुढे रोज हात जोडते.

यंदा यात्रेत दांडा धाकट्या दिरांनी धरला. भर मंडपात एकानं खवचटपणे विचारलंच, "काय आबा, थकला का?" मला वाटलं, आता छाती पुढे येणार आणि "ठणठणीत हाय" निघणार.

"व्हय," हे खणखणीत आवाजात म्हणाले, "काळजाचं दुखणं हाय मला. तुलाबी धाप लागती, म्या बघितलंय. डाक्टरपुढं पुरतं गाऱ्हाणं घाल, लपवू नगंस."

इतकी वर्षं मी ह्यांना पालखीखाली मिरवताना पाहिलं, पण अभिमानानं ऊर भरून आला तो त्या क्षणी. माझा वाघ गडी! देवावर भार टाकणं म्हणजे मुकाट सोसणं नव्हे, आपलं दुखणं सांगायलाही मोठी छाती लागते, हे मला त्या मंडपात उमगलं.

पालखी पुढे निघाली. दरवर्षी मी बायकांच्या घोळक्यात मागे, आणि हे पार पुढे. यंदा आम्ही दोघं जोडीनं, दम खात खात, नाथांच्या मागून चालत गेलो.