बोटांच्या चार फटी

माझ्या मावशीला कँटीनमध्ये सगळे काबाई म्हणतात. कारण तिला काहीही सांगा, ती आधी विचारणार, "का?" मी तिच्याकडेच राहते, त्यामुळे हा जाच मला सकाळच्या चहापासून असतो.

एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ती भांडी घासते. नऊ तास गमबूट घालून ओल्या फरशीवर उभं राहायचं. बुटात पाणी शिरतंच, आणि एकदा शिरलं की बाहेर पडायचं नाव घेत नाही. तिच्या दोन्ही पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या होत्या आणि दोन वर्षं त्या हटत नव्हत्या. कातडी पांढरी पडून सोलायची, खाज सुटायची, चालताना आग व्हायची. मलम लावलं की आठ दिवस बरं, नवव्या दिवशी पुन्हा तेच. विमा आहे तो कायम नोकरीवाल्यांना, ही पडली रोजंदारीवर. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायची, "तो आधी चार तपासण्या लिहून देईल, त्या कोण करणार?"

मग मुकादमाने फर्मान काढलं. एक तारखेला भांडीवाल्या बायकांचे पाय तपासणार, जिची कातडी फुटलेली दिसेल तिचं काम बंद. हातात वीस दिवस होते. आमचं घर या एकाच कामावर चालतं.

दुसरं कुणी असतं तर मिळेल ते औषध दोन्ही पायांना थापून मोकळं झालं असतं. काबाईने डाव्या पायाच्या बोटांमधल्या फटी मोजल्या. चार. पहिलीत मलम, दुसरीत शेजारणीने सांगितलेलं व्हिनेगर पाण्यात मिसळून, तिसरीत औषधाच्या दुकानातली पावडर. चौथीत काहीच नाही.

"चौथीने काय घोडं मारलंय?" मी विचारलं.

"औषधाशिवाय काय होतं ते बघायला नको?"

"आणि उजवा पाय?"

"तो आहे तसाच राहू दे. तुलनेला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोकरी जायची वेळ आलीय आणि ही बाई तुलना करतेय. मी नाही नाही ते बोलले. तिने ते सगळं ऐकून घेतलं, आणि एका फटीतलं औषध दुसरीत जाऊ नये म्हणून चारही फटींत कापसाचे छोटे बोळे बसवले. कामावर जाताना नवे, घरी आल्यावर पुन्हा नवे.

रोज संध्याकाळी खिडकीशी तपासणी. तिला फार वाकता येत नाही, म्हणून बघायचं काम माझ्याकडे. हो, माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या मुलीने दोन आठवडे मावशीच्या बोटांच्या फटी तपासल्या. आणि खोटं कशाला बोलू, पुढेपुढे मलाच चैन पडेना. माझी पैज मलमावर होती.

सोळाव्या दिवशी चारही फटी कोरड्या. चौथीसुद्धा. उजवा पाय मात्र जैसे थे.

"काहीच न लावलेली बरी होतेच कशी?" मावशी पार हिरमुसली.

दुसऱ्या दिवशी कामावरून आली, बोटांतले बोळे काढले आणि टाकता टाकता थांबली. एक बोळा तिने चिमटीत दाबला. पाणी गळालं. चारही बोळे दाबून बघितले, चारही ओलेचिंब.

"अगं, एरवी ही ओल जात कुठे होती?" ती म्हणाली. "बोटांतच बसत होती ना, दिवसभर."

औषधवाल्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, मलम सोडू नका, पण ओल राहिली तर कुठलंच मलम टिकत नाही.

शोध लागला खरा, पण तारीख तीन दिवसांवर आली होती. उजव्या पायात मलम, कापूस, सगळं केलं. पण दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास, असं मी तिला म्हटलं आणि रडले. ती कापूस पिंजत बसली होती.

एक तारखेला मी सोबत गेले. मुकादमाच्या खोलीत एक टेबल, दोन स्टुलं. मावशीने दोन्ही पाय पुढे केले. डावा कोरडा, उजवा लालबुंद सोललेला. तिने कापसाची सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाली, "दहा दिवस द्या. हाही बरा होईल."

मुकादम दोन्ही पायांकडे बघत राहिला. "औषध सापडलं होतं, तर दोन्ही पाय एकदमच का नाही बरे केलेत?"

"मग कशाने बरं झालं ते कळलं कसं असतं?"

मुकादमाने उठून दार लावलं, स्टुलावर बसला आणि स्वतःचा बूट ओढायला लागला. पायमोजा निघताना त्याने ओठ घट्ट दाबले.

"दहा दिवस दिले," तो खाली बघत म्हणाला. "बाहेर बोलू नका."

मावशीने त्याचा पाय उचलून मांडीवर घेतला, बोटं एकेक करून वेगळी केली आणि विचारलं, "कधीपासून आहे हे?"