भाऊजींनी बसवलेलं रबर

मी भोपाळला गेले होते ती मधूभाऊजींना एक गोष्ट सांगायला. भेटायला गेले असं सगळ्यांना सांगितलं, पण खरं ते हेच. दवाखान्याची खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, आणि माझे गुडघे कसे आहेत ते उज्जैनातल्या सगळ्या डॉक्टरांना ठाऊक आहे. तरी चढले. भाऊजी उशीला टेकून बसले होते, वाळून अर्धे झालेले. सुमन, म्हणजे माझी धाकटी जाऊ, चहा आणायला खाली गेली, तेवढ्यात मी बोलून टाकलं. "भाऊजी, नानांच्या गाडीचं छत त्या दिवशी टपकलं ते तुमच्यामुळे नाही. त्याच्या कडेची भोकं मी बुजवली होती. कापूस आणि मेण भरून." त्यांनी विचारलं, "चारही?" मी म्हटलं, "चारही." त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं ते फिरवलंच... निघताना "येते हं भाऊजी" म्हटलं, तरी मान हलली नाही. नवव्या दिवशी सकाळी सुमनचा फोन आला. फोन खाली ठेवल्यावर मला रडू आलं नाही. एकच विचार आला, माझ्यावर रागावूनच गेले.

आता ही गाडी काय नि भोकं काय, ते नीट सांगायला हवं. मी लग्न होऊन उज्जैनला आले तेव्हा सतरा वर्षांची होते, हे दीर माझ्याहून वर्षाने मोठे. घर माधवनगरात. सासरे, म्हणजे नाना, जुन्या संस्थानच्या महसूल दफ्तरातून निवृत्त झालेले. संस्थानं विलीन झाली तेव्हा एका जहागीरदारांनी घरातलं किडूकमिडूक विकायला काढलं, त्यात नानांनी एक काळी इंग्रजी मोटार घेतली. तिच्या टपाचा पुढचा भाग मागे सरकायचा. वर चौकोनी आभाळ दिसायचं. हिवाळ्यात सकाळी ते उघडून राम घाटाकडे जायचं म्हणजे शेजारीपाजारी बघत राहायचे. पण बरसात आली की हेच छत टपकायचं. नाना पुढे छत्री उघडून बसायचे, मोटारीच्या आत, आणि मागून हे (माझे यजमान हो) हळूच म्हणायचे, "यापेक्षा टांगा बरा, घोडा तरी भिजतो आपल्याबरोबर."

मधूभाऊजींना त्या गाडीचं वेड होतं. दोनदा मॅट्रिकला बसून झालेलं, पण गाडीचा आवाज ऐकून तिला काय होतंय ते सांगायचे. स्टेशनवरून यात्रेकरूंना महाकाल, मंगलनाथ फिरवून आणायचं, आणि घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये लोकांच्या मोटारी दुरुस्त करायच्या, एवढंच त्यांच्या मनात होतं. नानांच्या मनात वेगळंच. छप्पन साली मध्यभारत मोडून नवं राज्य व्हायचं होतं, राजधानी भोपाळ. घरोघरी एकच बोलणं, कोणाची फाइल भोपाळला गेली, कोणाला तिथे जागा मिळाली. नानांनी ओळखीने भाऊजींसाठी कारकुनीची जागा बघून ठेवली होती. भाऊजी नाही म्हणाले. नानांना नाही ऐकायची सवय नव्हती, पण ते न्यायाचे होते. म्हणाले, "मिस्त्री व्हायचंय ना? मग छत नीट कर. श्रावणात मला भैरवगडला कालभैरवाच्या दर्शनाला घेऊन चल. माझ्या टोपीवर एक थेंब पडला नाही, तर गाडी तुझी नि शेड तुझी. पडला, तर भोपाळ."

महिनाभर भाऊजी त्या टपावर उपडे पडलेले असायचे. छताच्या कडेचं जुनं रबर वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. तसं नवीन कुठे मिळणार? त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबा आणल्या, कापून पट्ट्या केल्या, घडी घालून पंक्चर काढायच्या सुलोशनने चिकटवल्या. दोनदा उखडल्या, तिसऱ्यांदा बसल्या. छताखाली चारी बाजूंनी पत्र्याची पन्हळ होती, तिचा गंज घासून काढला, रंग दिला. जेवायला हाक मारली की म्हणायचे, "वहिनी, इथेच द्या, हात काळे आहेत." मग मीच पोळीची गुंडाळी करून हातावर न देता सरळ तोंडासमोर धरायची. सासूबाई नव्हत्या, म्हणून हे चालायचं.

दर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला गाडीत बसवलं, म्हणाले, "वहिनी, आता तुम्हीच नाना." आणि टपावर सहा बादल्या पाणी ओतलं. मी कोरडी. एक थेंब नाही. भाऊजींचं तोंड तेव्हा कसं झालं होतं... काय सांगू. ते तसेच हसत पेट्रोल आणायला गेले.

मी खाली उतरले आणि बघते तर गाडीखाली चार कोपऱ्यांत पाणी ठिबकतंय. छत टपकणं थांबलं कुठे, पाणी गाडीच्या अंगातून मुरून खाली येतंय, आज नाही तर उद्या आत येणारच. छत सरकवून पाटावर चढून पाहिलं, तर पन्हळीच्या चारी कोपऱ्यांत करंगळीएवढी उघडी भोकं. म्हटलं, बिचाऱ्याच्या नजरेतून एवढंच सुटलं. भाऊजी येईपर्यंत थांबले असते, विचारलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण नाना ओसरीवर पेपर वाचत होते. भाऊजींचं काही राहून गेलंय हे त्यांच्या कानावर जाऊ नये असं मला वाटलं. माझ्या माहेरी लोणच्याच्या बरणीचं तोंड बंद करायची एक रीत होती. कापूस वितळलेल्या मेणात बुडवायचा, गरम असतानाच दाबून बसवायचा, वर्षभर मुंगी शिरत नाही. मी देवघरातला वातींचा कापूस घेतला, मेणबत्ती वितळवली, आणि चारही भोकं अशी बुजवली की माझ्या आईने शाबासकी दिली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस. नाना मुद्दाम धुतलेली पांढरी टोपी घालून पुढे बसले. आम्ही दोघं मागे. निम्म्याहून जास्त रस्ता गेला, आत सगळं कोरडं. नाना टोपीला हात लावून बघत होते, आणि मला वाटतं, थोडे खूशही झाले होते. "जमलं रे तुला," असं काहीसं पुटपुटलेसुद्धा. भैरवगडचा उतार लागला, समोर म्हैस आडवी आली, भाऊजींनी ब्रेक मारला. आणि वरून थेंब नाही, तांब्या उपडा करावा तसं पाणी नानांच्या डोक्यावर आलं. टोपी, चष्मा, उपरणं, सगळं. यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "नाना, अभिषेक इथेच झाला." कोणी हसलं नाही. नानांनी चष्मा काढून पुसला. आवाज न चढवता म्हणाले, "मधू, गाडी घराकडे वळव."

भाऊजींनी त्यानंतर त्या गाडीला हात लावला नाही. छत उघडून का झालं ते बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "वहिनी, नाना बरोबर आहेत. माझ्या हातात ते नाहीच." चौथ्या दिवशी भोपाळला गेले. नानांनी गाडी विकायला काढली, आणि भाऊजी गेल्यावर दोन दिवसांनी घेणारा त्याच्या मिस्त्रीला घेऊन आला. मिस्त्रीने छत सरकवलं, कोपऱ्यात तार घातली आणि मेणाचा गोळा बाहेर काढून माझ्यापुढे धरला. "बाई, ये किसने ठूँस दिया? पानी तो अंदर आएगा ही, इन्हीं छेदों से नीचे उतरता है." त्याने समजावून सांगितलं, रबर कितीही चांगलं असलं तरी थोडं पाणी पन्हळीत येतंच, म्हणून तर कोपऱ्यांतून नळ्या खाली सोडलेल्या असतात; त्या बुजल्या तर पन्हळ भरत जाते आणि ब्रेक लागला की सगळं पुढे सांडतं. मग त्या सायकलच्या ट्यूबेवरून बोट फिरवून म्हणाला, "काम तो किसी ने बढ़िया किया है." मी म्हटलं, "मालूम नहीं."

ते दोन शब्द... तेव्हा भीती होती. लग्नाला दोन वर्षं झालेली, नाना काय म्हणतील, हे काय म्हणतील. मग दिवाळीला भाऊजी आले, तर ऑफिसातल्या गमती सांगत होते. म्हटलं, रमलेत, कशाला उकरा. मग नाना गेले, भाऊजींचं लग्न झालं, मुलं झाली, बढत्या मिळाल्या. दर वेळी वाटायचं, आता सांगून काय उपयोग. पण भोपाळला त्यांच्याकडे गेले की एक गोष्ट टोचायची. या माणसाने घरात कधी खिळा ठोकला नाही, स्क्रू पिळला नाही. दिवा बदलायलासुद्धा मिस्त्री. त्यांची मुलगी चिडवायची, "बाबांना पेचकस कुठल्या बाजूने धरायचा तेही माहीत नाही." सगळे हसायचे. भाऊजी त्यांच्याहून जोरात हसायचे, आणि मी ताटातल्या भाताकडे बघायची. गेल्या वर्षी हे गेले. त्यानंतर मात्र मला ते पेलवेना.

तेराव्याला गेले तेव्हा सगळे पांगल्यावर सुमनला म्हटलं, "माझ्याशी बोललेच नाहीत गं शेवटी. खूप रागावले होते का?" ती म्हणाली, "ताई, रात्री जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, अडुसष्ट वर्षं... आणि कूस बदलली. पण सकाळी डॉक्टर आले, तर त्यांना सांगायला लागले, मेरा रबर सही था. डॉक्टरांना वाटलं, तापात बोलतायत. नर्सला सांगितलं, झाडूवाल्याला सांगितलं. घरी चला म्हणून हट्टच धरला. घरी आल्यावर पेचकस मागितला. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार किती वर्षं लागत नव्हतं, मी कागदाची घडी अडकवून लावायची. त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. दोन स्क्रूंना सबंध सकाळ लागली. मी म्हटलं, अहो, मिस्त्रीला बोलावते. तर म्हणाले, मीच मिस्त्री."

माझ्यावर रागावले होते की नाही, ते तिला सांगता आलं नाही. आता कोणालाच येणार नाही. अडुसष्ट वर्षांत मी एकदा तोंड उघडलं असतं तर त्यांच्या वाट्याला अशा किती सकाळी आल्या असत्या, हा हिशेब मी करू लागते आणि सोडून देते...

मी चहा करायला उठले. साखरेसाठी ते कपाट उघडलं. बिजागरीचा एक स्क्रू जरा तिरका बसला आहे. पण दार नुसतं सोडलं तरी आपोआप जाऊन लागतं, आवाजसुद्धा होत नाही. बाहेरून सुमनने विचारलं, "ताई, साखर सापडली का?"

"सापडली," म्हटलं, आणि दार परत उघडलं.