लवंगेचं तेल, दोनदा

"मी घातलं होतं, शिरीष! पाणी आणायला जायच्या आधीच!"

"मग सांगायचंस ना! मला काय स्वप्न पडणार आहे?"

"विचारायचंस!"

"कुणाला? कालपासून तू बोलतेयस कुठे माझ्याशी?"

सुरभीने नवऱ्याच्या हातातली जाळी हिसकावून घेतली. टबात बोटाएवढी पिल्लं पांढरी पोटं वर करून निपचित तरंगत होती. कोकोपू. इथल्या ओढ्यातला, अंगावर खवले नसलेला मासा. मोजमाप होईपर्यंत पिल्लांनी तडफडू नये म्हणून पाण्यात लवंगेचं तेल घालायचं, ते अल्कोहोलमध्ये कालवून, अगदी बेताने. आज ते दोनदा पडलं होतं. सकाळपासून त्याच वासात वावरल्यावर तिच्या नाकाला काय कळणार, एक डोस की दोन?

"स्वच्छ पाण्याचा टब ओढ. हवेची नळी सोड त्यात. पळ!"

पुण्यात ती ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञांची मदतनीस होती. इथे, परदेशात, त्या अनुभवाला कुणी विचारलं नाही. आधी तिने शहरातल्या एका गोदामात खोकी उचलली, मग हॅमिल्टनबाहेरच्या या मत्स्यकेंद्रात लागली. माणसांचे श्वास बघणारी बाई माशांचे कल्ले बघू लागली, आणि रमली. ही पिल्लं तिने अंड्यांपासून वाढवली होती. सोमवारी ती केंद्रप्रमुख हेमीच्या गावच्या ओढ्यात सुटायची होती. तिथे त्याच्या आजोबांनंतर कुणी कोकोपू पाहिला नव्हता.

आणि अबोला? तो तिच्या माहेरचा. आईवडील भांडले की घर मुकं व्हायचं, आमटीत दोघांचंही मीठ पडायचं, पोरं हसायची. शिरीषने लांबच्या हेन्डरसन गावातल्या नोकरीला तिला न विचारता परस्पर होकार कळवला, तेव्हा सुरभीनेही तेच केलं. तरी शनिवारच्या मदतीला तो आलाच होता.

"असं धर. तोंड पाण्याच्या धारेकडे. हळूहळू पुढे ने. मागे ओढू नकोस, कल्ले दुखावतील."

"मी कोडिंग करतो गं. हे नाजूक काम मला कसं जमणार?"

"मी तरी कुठे हे शिकून आले होते?"

त्याने पिल्लू धारेसमोर धरलं. एका पिल्लाच्या कल्ल्याचं झाकण किंचित हललं. थांबलं. पुन्हा हललं.

"हा आला! सुरभी, हा आला बघ!"

"सोड त्याला. दुसरा घे."

एकेक पिल्लू शुद्धीवर येत होतं, कलंडत, भिंतीला धडकत. तिची नजर मात्र ट्रेमध्ये बाजूला काढलेल्यांवरच जात होती. ती कितीदा पाण्यातून फिरवली, कल्ले हलले नाहीत.

बाहेर ट्रक थांबल्याचा आवाज आला. "किया ओरा!" हेमीने त्याच्या भाषेत नमस्कार घातला.

शिरीष घाईघाईने कुजबुजला, "बरीच वाचली ना? थोडी तर एरवीही मरतात. त्याला काय कळणार आहे? हवं तर मीच घातलं म्हण, मी काय इथला नोकर नाही... सुरभी, तू काय सांगणार आहेस त्याला?"

सुरभीने मेलेल्या पिल्लांचा ट्रे उचलला, कोपराने दार ढकललं आणि ती हेमीच्या दिशेने चालू लागली.