भट्टीच्या मागच्या कोपऱ्यातली आच

मी वडगावच्या विणकर घरातली. पीएचडीला विषय घेतला मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. मोडलेल्या हाडात त्याचा स्क्रू बसवला, तर तो पुढे शरीरातच विरघळतो; काढायला दुसरं ऑपरेशन लागत नाही. पण हाड सांधायच्या आधीच तो झिजून जातो. नेमक्या तापमानाला तापवून, झटकन थंड करून, परत मंद आचेवर ठेवला की झीज कमी होते. ते तापमान मला शोधायचं होतं.

आठ महिने मी धातूच्या चकत्या भट्टीत तापवून शरीरातल्या पाण्यासारख्या मिठाच्या द्रावणात ठेवत होते. एकाच दिवशी तापवलेल्या दोन चकत्यांपैकी एक महिनाभर शाबूत राहायची, दुसरीला चार दिवसांत खड्डे पडायचे. आमचे सर म्हणायचे, धातूच खराब आलाय.

शेवटी उद्यमबागेतल्या कारखान्यांकडे गेले. तिथं एक आप्पा उभं आयुष्य गिअरना पाणी देत, म्हणजे तापवून-बुडवून कडक करत आलेले. मॅग्नेशियम म्हटल्यावर त्यांनी हातच जोडले. "ते पेटतं गं. माझ्या भट्टीत न्हाय घालायचं."

"तुमची नको आप्पा, आमची भट्टी बघायला या."

दोन दिवसांनी आले. आग विझवायची कोरड्या वाळूची बादली, धातू पेटू नये म्हणून भट्टीत सोडायच्या आर्गॉन वायूचा सिलिंडर बघितला आणि विचारलं, "तापमान मोजायची तार कुठं बसवलीया?"

"दाराजवळ."

त्यांनी स्वतःची तार मागच्या कोपऱ्यात लावली. तिथला आकडा बराच वर गेला. "मागच्या चकत्या करपत्यात तुझ्या," ते शांतपणे म्हणाले. मी जाऊन सरांना सांगितलं.

सर म्हणाले, "चांगल्या आल्यात तेवढ्यांवर पेपर लिहू."

"कुठली चकती कुठं ठेवली होती, ते मी लिहूनच ठेवलं नाही, सर. त्या चांगल्या का आल्या, हे मला सांगता येणार नाही."

 त्यांनी नव्या धातूच्या मागणीवर सही केली.

घरी आईला सांगितलं. मागावरनं न उठताच तिनं विचारलं, "म्हणजे पहिल्यापासनं?"

"व्हय."

"कर की मग."

आता भट्टीत दोन तारा, आणि एका वेळी तीनच चकत्या, मधोमध. कामाला दुप्पट वेळ लागू लागला. सरांनी घाई केली तरी मी चौथी चकती ठेवली नाही. वर्षभरानं एकदा द्रावणातून तिन्ही बाहेर काढल्या, पुसल्या, वजन केलं. तिन्ही सारख्याच झिजल्या होत्या. झीज अजून हवी त्यापेक्षा जास्तच होती, पण आता ती कशानं होते ते मला शोधता येणार होतं. त्याच दुपारी आच थोडी कमी करून पुढच्या तीन आत ठेवल्या.