तंग झबलं

आमच्या सावली गावात त्या काळी एकही कपडा मरत नसे, कारण शेजारच्या खाला त्याला मरूच देत नसत. चादरीचा पायजमा, धोतराचा परकर, बुशकोटाची पिशवी असा प्रत्येकाचा पुनर्जन्म त्यांच्या हातमशीनवर ठरलेला असे. कैची लावण्याआधी त्या एकच विचारायच्या, "कोणाचा होय हा?" कारण कपडा फाटला तरी त्यातला माणूस जात नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. वनरक्षक असलेल्या माझ्या मामाच्या खाकी पॅन्टमधून त्यांनी मला हाफपॅन्ट शिवून दिली, तेव्हापासून माझं जगणं अवघड झालं. एकदा मी परक्याच्या टेंभुर्णीच्या झाडावर चढलो, तर खाला भररस्त्यात ओरडल्या, "फॉरेस्टवाल्याचा पॅन्ट घालून टेंभरं चोरून राह्यला? शरम नाई वाटत?" हेडमास्तरांच्या धोतराचा परकर घालणाऱ्या त्यांच्या बायकोला तर त्या उगाचच वाकून सलाम करायच्या.

ह्याच खालांनी माझ्या ताईच्या बाळंतपणासाठी दोनदा आधीच झबली शिवून ठेवली, आणि दोन्ही वेळा बाळ टिकलं नाही. दोष कोणाचाच नव्हता, पण खालांनी तो स्वतःवर ओढून घेतला. "माह्याच कैचीले घाई झाली," एवढंच त्या म्हणाल्या. ताईला तिसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा त्यांनी आईचं विटलेलं सुती लुगडं मागून नेलं आणि घडी करून ठेवून दिलं. आईनं विचारलं तर म्हणाल्या, "लेकराले पाह्यल्याशिवाय कैची लागणार नाई." चिंधीसुद्धा रिकामी बसू न देणारी ही बाई त्या घडीकडे नुसती बघत राहायची. मला तेव्हा ते बघवत नसे.

ताईची मुलगी दिवस भरायच्या आधीच आली, आणि तीही ऐन थंडीत. निरोप मिळताच खाला हातमशीन डोक्यावर घेऊन एसटीत चढल्या. "खाला, दवाखान्यात दुकान लावता काय?" कंडक्टरनं विचारलं. एरवी चार गावं ऐकतील असं उत्तर देणाऱ्या खाला वैनगंगेचा पूल ओलांडेपर्यंत लुगड्याची घडी छातीशी धरून होत्या. गडचिरोलीच्या दवाखान्यात बाजारची झबली त्या एवढ्याशा जिवाला पोत्यासारखी होत होती. खालांनी वितीनं माप घेतलं आणि व्हरांड्यातच मशीन मांडली.

झबलं हातात घेऊन ताई म्हणाली, "खाला, उलटं शिवलं तुम्ही."

"उलटं नाई, बाई. शिवण बाहेर ठेवली, लेकराले टोचू नये म्हणून. अन् लुगडं इतकं धुतलेलं हाय का तेही टोचाचं विसरलं."

ताईनं पोरीला ते घातलं आणि तिला खालांच्या मांडीवर ठेवलं. खालांनी बाहेरच्या शिवणीवरून हलकेच बोट फिरवलं. मग डोळे पुसत त्या म्हणाल्या, "हे तं महिन्याभरात तंग होईन. दुसरं मोठं शिवा लागन." तोवर कोरडी राहिलेली ताई तेव्हा हमसून हमसून रडली.

खाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि मला त्यांची फार आठवण येते. ते झबलं खरोखरच महिन्याभरात तंग झालं. कपडा तोकडा पडल्याचा एवढा आनंद आमच्या घरात कधीच कोणाला झाला नव्हता.