प्रिंटर गप्प राहिला तर

जवळ ये गं पोरी, हे पत्र वाचताना तरी मनानं जवळ बस. एक कमांड दिली की शेकडो गावांचे नकाशे आपोआप निघतात, असं परवा फोनवर सांगताना किती हसत होतीस! असं हसू नये. ते काम मीसुद्धा केलंय, तुझी आई परकरात होती तेव्हा.

ऐंशीचं दशक सरता सरता बेळगावच्या आमच्या पाटबंधाऱ्याच्या हापिसात कॉम्प्युटर आला. मी टायपिस्ट, त्याचं पुस्तक चाळत चाळत शिकले. तेव्हा नदीवर धरण बांधायचं घाटत होतं. एका गावाची एक फाईल, तीत प्रत्येक शेताचे कोपरे आणि जमिनीची उंची. मी कमांडी ओळीनं लिहून ठेवलेल्या: फाईल उघड, उंची धरण भरल्यावरच्या पाण्याच्या रेषेशी ताडून बघ, खाली असेल तर छाप, पुढचं गाव घे. एकदा एंटर दाबलं की माझ्या हातात काही उरत नसे. प्रिंटर गप्प राहिला तर गाव वाचलं.

त्या दिवशी तुझी आज्जी, म्हणजे माझी आक्का, निपाणीहून बस धरून आली. तिचं गाव त्याच नदीकाठचं. येऊन प्रिंटरजवळच्या स्टुलावर बसली. पडद्यावर गावं सरकत होती. प्रिंटर मधेच खरखरायचा, थांबायचा.

साहेब म्हणाले, "आक्का, चहा घ्या. मशीन काय चावत न्हाई."

"चावत न्हाई, गिळतंय," आक्का म्हणाली. 

तिचं गाव आलं. प्रिंटर गप्प. आक्कानं पदर तोंडाला लावला. आणि मग खर्र सुरू झालं.

"बंद कर की गं! तूच चालू केलंस न्हवं?"

"मी बंद केलं म्हणून पाणी थांबतंय व्हय, आक्का?"

साहेबांनी परत चालवायला लावलं. परत तेच. देवळापासून तिच्या गोठ्यापर्यंत सगळं रेषेच्या खाली.

नोटीस कुणालाच गेली नव्हती, तरी बातमी पसरली आणि त्या गावात पोरगी द्यायला कुणी तयार होईना. विटा आणलेल्यांनी घरं बांधली नाहीत. धरण काही आलं नाही. वाट बघण्यातच गाव अर्धं रिकामं झालं. आक्का मात्र हलली नाही.

गेल्या आठवड्यात तिच्या बांधावर परत माणसं आली. तीन पायांची तिकाटणं लावून जमीन मोजून गेली, कशासाठी ते सांगितलं नाही. तेव्हापासून ती रोज विचारती, "नात कधी येणार गं?" लवकर ये. संकेश्वरला उतरलीस तरी चालेल, न्यायला कुणीतरी येईल. घर उभं हाय तवर दोन दिवस राहून जा.